पावणेआठ गुंजांची लालडी

कसबा पेठेतल्या आमच्या जुन्या घरात पत्र्याच्या एका पेटीत दोन कागद होते. पहिला आजोबांच्या हातचा, मोडीत लिहिलेला, १९३८ सालचा. घरातल्या दागिन्यांची ती यादी. तिच्यात एक ओळ आहे : 'अंगठी पुरुषी १, माणिक १, खड्याचे वजन गुंजा ७॥।'. दुसरा कागद १९८९ सालचा, एका सराफी पेढीची चिठ्ठी. तिच्यावर 'लालडी १, ५.१४ रत्ती' एवढेच. या दोन कागदांमुळे माझे वडील आणि थोरले काका अठरा वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. २००७ साली वडील गेले, पुढच्याच वर्षी काका.

वडिलांचा हिशेब सरळ होता. वाटणी होईपर्यंत अंगठी काकांच्या कपाटात होती. वाटणीत ती आमच्याकडे आली. वडिलांनी कोंदण उघडून खडा काढायला लावला आणि पेढीवर वजन करून घेतले. आजोबांनी लिहिलेल्या माणिकाची लालडी झाली होती आणि पावणेआठाचे पाच झाले होते. गुंज म्हणजेच रत्ती, हे कोणताही शब्दकोश सांगतो. मग अडीच गुंजा गेल्या कुठे? वडिलांनी हा प्रश्न काकांना एकदाच विचारला, जेवताना. काका ताटावरून उठले. अंगठी परत घडवली गेली नाही, खडा पुडीतच राहिला.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. रत्नशास्त्राचे शिक्षण मी कुठे घेतलेले नाही. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात बी. डब्ल्यू. अँडरसन यांचे 'जेम टेस्टिंग' हाती लागले, तिथून सुरुवात झाली. मूळ पुस्तक १९४२ सालचे, पण साध्या साधनांनी खडा कसा ओळखावा हे त्याच्याइतके नेमके सांगणारे दुसरे मला भेटले नाही. पुढे भिंग आले, मग एक जुना मायक्रोस्कोप आला. पुडीतला तो खडा मात्र मी फार उशिरा उघडला. त्यात काय निघेल याची भीती होती, हे कबूल करतो.

लालडी म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे, कारण आपल्याकडे हा शब्द निम्म्या तोंडाने उच्चारला जातो. 'माणिक नाही हो, लालडी आहे' असे म्हणताना सराफाचा चेहरा जसा होतो, तसाच गिऱ्हाइकाचाही होतो. ज्योतिषात ती रवीचे उपरत्न, म्हणजे ज्याला माणिक परवडत नाही त्याची सोय. काही जण तर लालडी म्हणजे बनावट माणिक असेच समजतात. इंग्रजीत हिला स्पिनेल म्हणतात आणि ती पूर्णपणे स्वतंत्र खनिज आहे. माणिक हे अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड. लालडीत अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीला मॅग्नेशियम असते. माणकाचे स्फटिक षट्कोनी घडणीचे, लालडीचे अष्टफलकी, दोन पिरॅमिड तळाला तळ लावून ठेवावेत तसे. मात्र दोघांचा लाल रंग एकाच घटकामुळे येतो, तो म्हणजे अल्प प्रमाणातले क्रोमियम. ब्रह्मदेशातल्या मोगोक परिसरात ही दोन्ही रत्ने एकाच संगमरवरी खडकात तयार होतात आणि एकाच वाळूत सापडतात. त्यामुळे ती शतकानुशतके एकाच पुडीत विकली गेली यात नवल नाही.

आमच्या घरापासून तांबट आळी हाकेच्या अंतरावर. लहानपणी हातोड्यांच्या आवाजाने जाग यायची. मराठीत रक्तवर्णाला दोन शब्द आहेत. 'तांबडा' हा तांब्यावरून आला, तो आमच्या आळीतला. 'लाल' फारसीतून आला आणि फारसीत 'लाल' हे या खड्याचे नाव आहे. रंगाला खड्याचे नाव पडले असे मानले जाते. म्हणजे 'लाल शाई' किंवा 'लाल गाडी' म्हणताना आपण नकळत बदख्शानातल्या एका खाणीचे नाव घेत असतो.

ही खाण आजच्या ताजिकिस्तानात, पंज नदीच्या काठी आहे. तिचे नावच कूह-ए-लाल, लालचा डोंगर. जुन्या मुसलमानी ग्रंथांत तिच्याविषयी एक कथा येते. भूकंपाने डोंगर फाटला आणि आत लाल खडे दिसले. गावातल्या बायकांना वाटले हा रंग आहे, म्हणून त्यांनी ते कुटून कापड रंगवायचा प्रयत्न केला. रंग काही उतरला नाही. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने रत्नांवर ग्रंथ लिहिला, त्यात याकूत म्हणजे माणिक वेगळे आणि लाल वेगळा मांडला आहे. आपल्याकडे ठक्कुर फेरू याने १३१५ साली प्राकृतात रत्नपरीक्षा लिहिली. हा अलाउद्दीन खिलजीच्या पदरचा जैन अधिकारी. सुलतानाच्या खजिन्यातली रत्ने त्याने पाहिली होती, आणि १२९६ साली देवगिरीहून नेलेली लूट त्याच खजिन्यात जमा झालेली होती. तोही लाल, अकीक आणि पिरोजा यांचा परदेशी रत्ने म्हणून वेगळा विचार करतो आणि लाल बदख्शानातून येतो असे सांगतो. त्याआधीच्या संस्कृत ग्रंथांत माणकाचे जे पद्मराग, कुरुविंद, सौगंधिक असे भेद येतात, त्यांतला एखादा लालडीच असावा असा तर्क अभ्यासक करतात. युरोपात मात्र हा फरक शास्त्रीय पायावर मांडला गेला तो १७८३ साली, रोमे द लील या फ्रेंच स्फटिकतज्ज्ञाकडून. तोवर इंग्लंडच्या राजमुकुटात सुमारे १७० कॅरेटची एक लालडी 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' म्हणून बसलेली होती. तिचे नाव आजही तेच आहे.

मोगलांना लालडीचे वेड होते. तिला पैलू पाडायला ते राजी नसत, कारण त्यात वजन जाते. गोटा घासून गुळगुळीत करायचा, भोक पाडून ओवायचा आणि त्यावर बादशहाचे नाव कोरायचे, अशी रीत. ३५२.५ कॅरेटचे तथाकथित 'तैमूरचे माणिक' हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. तेही लालडीच. त्यावरची नावे मराठी वाचकाने जरा थांबून वाचावीत. जहांगीर आणि शाहजहान यांच्यानंतर औरंगजेब, ज्याची शेवटची पंचवीस वर्षे दख्खनेत खर्ची पडली. मग फर्रुखसियर, ज्याला १७१९ साली पदच्युत केले गेले तेव्हा बाळाजी विश्वनाथ फौजेसह दिल्लीत होता. नादिरशहाने हा खडा इराणला नेला. त्यानंतर अहमदशहा दुराणीने, म्हणजे आपल्या अब्दालीने, स्वतःचे नाव कोरवले. त्याचे हिजरी साल ११६८, पानिपतच्या पाचसहा वर्षे आधीचे. पुढे खडा लाहोर दरबारी आला, तिथून कंपनीच्या हाती पडला आणि १८५१ साली राणी व्हिक्टोरियाकडे गेला. आपल्या शतकभराच्या वैऱ्यांच्या सह्या एकाच दगडावर आहेत, आणि त्या दगडाला माणिक म्हणण्याची चूक त्यांच्यापैकी कोणीही केली नव्हती.

आता परीक्षेकडे वळतो. दिवाळीत सोन्याबरोबर एखादा लाल खडा घेणारे वाचक असतीलच, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, बंद कोंदणातल्या खड्यावर मत देऊ नये. जुन्या दागिन्यांत खड्याखाली चकाकता पत्रा, म्हणजे डाक, घालत. फिकट खडा त्याने गडद दिसतो, साधी काचसुद्धा झळाळते. या बाबतीत ज्योतिषाचा एक उपकार मानला पाहिजे. खडा बोटाला टेकला पाहिजे या अटीमुळे अंगठ्या खालून उघड्या घडवल्या जाऊ लागल्या आणि खडा आरपार पाहता येऊ लागला.

आमचा खडा सुटाच होता. मी प्रथम जुन्या कॅमेऱ्याचा पोलरायझिंग फिल्टर त्याच्यावर धरून फिरवला. माणकात प्रकाशकिरण दुभंगतो आणि त्याचे दोन भाग दोन छटांचे असतात, एक जांभळट लाल, दुसरा नारिंगीकडे झुकलेला. फिल्टर फिरवताना या छटा आलटून पालटून दिसतात. आमच्या खड्यात काहीच बदलले नाही. कोणत्याही बाजूने पाहा, एकच लाल. म्हणजे माणिक नाही. पण याच परीक्षेत लाल गार्नेट आणि काचही तशाच वागतात. म्हणून अंधारात अतिनील टॉर्च लावला. खडा निखाऱ्यासारखा पेटला. क्रोमियममुळे माणिक आणि लालडी दोन्ही असे पेटतात, गार्नेट मात्र काळाठिक्कर राहतो.

तिसरी परीक्षा आर्किमिडीजची. मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा, पाण्याची वाटी आणि तांब्याच्या केसासारख्या तारेची टोपली, एवढ्यावर ती घरी होते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकावा, नाहीतर खड्याला बुडबुडे चिकटतात आणि सगळा आकडा फसतो. (माझे पहिले चार प्रयत्न असेच फुकट गेले.) खडा हवेत ०.९३६ ग्रॅम भरला, पाण्यात ०.६७६. घट ०.२६० ग्रॅम. ०.९३६ ला ०.२६० ने भागले की ३.६० येतात. लालडीची घनता ३.६०, माणकाची ४.००. माणिक असते तर घट ०.२३४ भरली असती.

इथे थांबून चालत नाही, कारण प्रयोगशाळेत बनवलेल्या लालडीचीही घनता जवळपास तीच असते. वेर्नोईच्या पद्धतीने, ज्योतीत वितळवून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कृत्रिम माणके बनू लागली आणि थोड्याच काळात कृत्रिम स्पिनेलही. त्यातली बरीचशी निळी किंवा रंगहीन असते, लाल क्वचित. पण वितळलेल्या क्षारांत सावकाश वाढवलेली लाल स्पिनेल १९८०च्या दशकापासून बाजारात आहे आणि ती फसवी असते. 'आमचा खडा १९३८चा, म्हणून तो कृत्रिम असणार नाही' असे मला म्हणता येत नव्हते. खडा तोच आहे की बदललेला, हाच तर मूळ वाद होता. भिंगातून मला आत बारीक अष्टफलकी कणांच्या ओळी दिसल्या. नैसर्गिक लालडीचे हे जवळजवळ ओळखपत्र, तरीही मी तो खडा प्रयोगशाळेत पाठवला. अहवालात लिहून आले : नैसर्गिक स्पिनेल, प्रक्रिया केल्याची खूण नाही.

विकत घेणाऱ्याला माझे सांगणे एवढेच की रंग आधी पाहा, नाव नंतर. पेढीवरचे पिवळट दिवे लाल खड्यावर फार मेहेरबान असतात. खडा दारात, उन्हाच्या सावलीत नेऊन पाहावा. तिथेही जो जिवंत राहतो तो चांगला. शुद्ध लाल किंवा किंचित गुलाबीकडे झुकलेला रंग सर्वांत मोलाचा. तपकिरी किंवा राखाडी झाक आली की किंमत झपाट्याने उतरते. फार गडद खडा संध्याकाळी काळा दिसतो, त्यापेक्षा थोडा फिका पण तेजस्वी केव्हाही बरा. मग खडा छापील कागदावर ठेवून वरून सरळ पाहावा. मधल्या भागातून खालची अक्षरे वाचता येत असतील तर पैलू उथळ पाडलेले आहेत, प्रकाश खालून निसटतो आहे. वजन वाचवण्यासाठी कारागीर असे करतात आणि त्या वजनाचे पैसे आपण देतो. नुसत्या डोळ्याला डाग दिसू नये एवढी स्वच्छता पुरे. भिंगाखाली निर्दोष खडा शोधत बसू नये. मी तर उलट सांगेन, आत काही दिसले की माझा जीव भांड्यात पडतो.

लालडीची मोठी जमेची बाजू म्हणजे ती बहुधा जशी निघाली तशीच मिळते. बाजारातली बहुतेक माणके तापवलेली असतात आणि २००४ नंतर शिसेयुक्त काच भरलेली माणके तर ढिगाने आली. अशा खड्याला सोनाराच्या लिंबाच्या रसानेही इजा होते. लालडीतही तापवणे किंवा भेगा भरणे अधूनमधून आढळते, म्हणून मोठी रक्कम मोजताना अहवाल घ्यावाच. जयपूरमध्ये हे काम करणारी प्रयोगशाळा आहे, इतरही आहेत. अहवालावर 'नॅचरल' आणि 'स्पिनेल' हे दोन शब्द हवेत. 'स्पिनेल रूबी', 'बलास रूबी' असली जोडनावे दिसली तर खडा खाली ठेवावा. मोगोक, व्हिएतनाममधले लुक येन, टांझानियातले माहेंगे (२००७ साली तिथे प्रचंड स्फटिक निघाले) अशा गावांच्या नावावर जास्त पैसे मागितले जातात. संग्राहकाला त्याचे महत्त्व असेल. अंगठी घालणाऱ्याने गावासाठी पैसे मोजू नयेत असे माझे मत आहे. गेल्या वीसेक वर्षांत लालडीचा भाव बराच चढला, तरी त्याच रंगाच्या आणि तितक्याच स्वच्छ माणकाहून ती अजून स्वस्त आहे. पाच कॅरेटच्या पुढचा चांगला लाल खडा मात्र दुर्मीळ.

आणि वजन कशात सांगितले आहे ते विचारावे. कॅरेट जगभर एकच, २०० मिलिग्रॅम. रत्तीचे तसे नाही.

वजनाचा हा घोळ माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. खडा लालडी ठरला त्या रात्री मला आनंद झाला नव्हता. आजोबांनी माणिक लिहिले होते, हाती लालडी होती. वडिलांचा संशय मी यंत्रांनिशी सिद्ध करून बसलो होतो. वहीत आकडे उतरवून ठेवावेत म्हणून ०.९३६ ग्रॅमचे जुन्या मापात रूपांतर करायला घेतले. सोनाराचे कोष्टक आपल्याला पाठ असते : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे गुंज १२१.५ मिलिग्रॅमची. भागाकार केला तर ७.७० आले. चूक झाली असे वाटून पुन्हा केला. पुन्हा ७.७०.

सोनाराची गुंज आणि रत्नवाल्याची रत्ती एक नव्हेत. बी एकच, वेलही तोच, शब्दकोशही दोघांना एकच मानतो. पण रत्नांच्या बाजारात चालणारी रत्ती सुमारे १८२ मिलिग्रॅमची, म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या दीडपट आहे. पेढीच्या चिठ्ठीवरचे ५.१४ दीडपट करा, ७.७१ येतात. आजोबांच्या यादीत पावणेआठ. फरक एका गुंजेच्या पंचविसाव्या हिश्शाचा. आणि १९३८ साली सोनार पाव गुंजेच्या खाली कशाला मोजेल? खडा बदलायचा तर बदलणाऱ्याला त्याच रंगाची आणि नेमक्या त्याच वजनाची लालडी शोधावी लागली असती. पण मुळात माणिक असते तर ते काढून जागी लालडीच ठेवायची, तीही पाच मिलिग्रॅमच्या आत जुळवून, हे मला पटत नाही. आजोबांनी माणिक लिहिले, कारण त्या काळी घरात पारदर्शक लाल खड्याला दुसरे काही म्हणत नसत.

पेढीवाल्याने त्या दिवशी रत्तीचा अर्थ सांगितला असता तर, हा विचार मनात येतोच. पण त्याच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. तो रोज त्याच रत्तीत मोजत होता. वडिलांनी विचारलेही नाही. त्यांना गुंज माहीत होती.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी दोन्ही कागद, अहवाल आणि पुडी घेऊन काकूंकडे गेलो. काकू नव्वदीला टेकलेल्या, कान शाबूत, नजर गेलेली. चुलतभावाने दार उघडले, बसा म्हणाला आणि आत निघून गेला. मी काकूंच्या तळहातावर खडा ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने फिरवून पाहिला.

"सासूबाई याला लाल म्हणायच्या," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं रंग सांगतायत."

मग मी हिशेब सांगू लागलो. गुंज, रत्ती, दीडपट. त्यांनी मला मध्येच थांबवले, आतल्या खोलीकडे तोंड करून मुलाला हाक मारली आणि तो येऊन बसेपर्यंत काही बोलल्या नाहीत.

"हां," त्या म्हणाल्या, "आता पहिल्यापासून वाच. आकडे सावकाश सांग."